लोकरीचं डालगं

देवीसमोर शिवलेलं कापड अंगावर चालत नाही, आणि देवीला थंडी वाजत नाही. या दोन गोष्टींच्या मधे आमचे आप्पा एक वर्षाआड उघडे सापडायचे. पूजेचा मान गावात दोनच घरांना होता. एक आमचं आणि दुसरं आप्पांचा चुलतभाऊ नागोकाका याचं. एक वर्ष आमची पाळी, एक वर्ष त्यांची. पाळीच्या वर्षी रोज उजाडताना व्हाळात बुडी मारायची, ओल्या धोतरानं देवळात यायचं आणि चांगला घंटाभर देवीचं पाणी, गंध, फुलं, दिवा करायचं. अंगात सदरा नाही, बंडी नाही. सुईदोरा लागलेलं काहीही देवीला विटाळाचं. आमचं गाव दिग्गी आणि बाजारकुणंगच्या मधल्या डोंगरात. मार्गशीर्षात तिथं सकाळी इतकं धुकं असायचं की स्वतःच्याच म्हशीला हाक मारून ती आपलीच का हे विचारावं लागे. त्या धुक्यात आप्पा उघड्या छातीनं उभे राहायचे आणि आम्ही घरात शेकोटीशी बसून त्यांचा खोकला ऐकायचो.

हे सगळं माझी नातसून लिहून घेते आहे. ती मास्तरीण आहे. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते, आणि दर दोन वाक्यांनी ‘सन कोणता, आज्जी?’ विचारते. सन मला ठाऊक नाही. मला परकर घोट्यापर्यंत यायचा आणि लग्न ठरलं नव्हतं, एवढं पुरे. तिला म्हटलं, तुला सन पाहिजे तर तुझं तू घाल, मला गोष्ट सांगू दे.

घरात आम्ही चौघंच. आप्पा, आवशी म्हणजे माझी आई, मी, आणि आप्पांची विधवा बहीण, जिला मी आत्ती म्हणायची. आत्तीच्या हातात कोयती आणि वेताची-बांबूची पाती नसली तर ती आजारी आहे असं समजावं. टोपल्या, सुपं, भाताच्या कणग्या, कोंबड्या झाकायची डालगी, सगळं ती करायची. दिवसभर घरात बांबू सोलल्याचा चर्रर्र आवाज, चुलीवर नाचणीची आंबील रटरटायची, राखेत कंद भाजत टाकलेले असायचे, आणि आवशी कशावरून तरी कुणावर तरी करवादलेली असायची. लाल मुंग्यांची चटणी आणि भाजलेला कंद खाऊन मी वाढले, म्हणून अजून दात शाबूत आहेत. नातसूनबाई मुंग्यांचं नाव ऐकून तोंड वाकडं करते. करू दे.

तर मागच्या पाळीच्या वर्षी आप्पांची छाती भरली होती. अठरा दिवस ताप. आवशीनं त्या अठरा दिवसांत कुणावर आवाज चढवला नाही, त्यावरून मला कळलं की आप्पा जातायत. ते गेले नाहीत, पण खोकला मागं ठेवून ताप गेला. आणि आता पुन्हा आमची पाळी आली होती. ‘कांबळं पांघरून करा की पूजा,’ असं कुणीही म्हणेल. लोकर देवीला चालते, तिला विटाळ नाही, आणि कांबळ्याला शिवणही नाही. पण पूजेला दोन्ही हात लागतात आणि कांबळं धरायला तिसरा लागतो. आप्पांनी त्या वर्षी ते गळ्याशी गाठ मारून पांघरलं होतं. वाकून दिवा लावताना कांबळ्याच्या दशा समईत गेल्या. आप्पांच्या आधी कांबळंच पेटलं. आठ दिवस देऊळ जळक्या मेंढरासारखं घमघमत होतं, आणि नागोकाका भेटेल त्याला सांगत होता की देवीला असला धूप कुणी दाखवला नव्हता. नागोकाका नि आप्पा तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरच्या फणसावरून. झाड आमचं, फांदी त्यांच्या बाजूला, आणि फणस मधल्या वाटेवर पडायचे. काय बोलणार! तेव्हापासून आप्पा पुन्हा उघडेच.

आता कातरीनबायची ओळख करून देते. क्यासलराक ठेसनावर एक गोव्याकडचा किरिस्ताव लाइनमन होता, त्याची ही बायको. आत्ती नि मी महिन्यातून एखादवेळा डोक्यावर कंदाच्या टोपल्या घेऊन तिकडे जायचो. सकाळी निघालं की उन्हं कलताना पोचायचं, रात्री तिच्या पडवीत निजायचं, दुसऱ्या दिवशी परत. कातरीनबाय अंगानं केवढी तरी, आणि मांडीवर सदा लोकरीचा गुंता. रेल्वेची माणसं पावसात-धुक्यात कामं करायची, त्यांना ती स्वेटर विणून द्यायची. जुना स्वेटर फाटला की तो उसवून, धुऊन, त्याच लोकरीचा नवा विणायची. मी पहिल्यांदा तिला स्वेटर उसवताना पाहिलं तेव्हा मला भूल पडली. एक टोक धरून ओढत गेली तर आख्खा स्वेटर बघता बघता दोरा झाला, आणि तिच्या मांडीवर नुसता शेवयांचा ढीग.

‘बाय, ह्यात सुईदोरा कुठं हाय?’ मी विचारलं.

‘सुईदोरो? विणताना कसलो सुईदोरो गे?’ ती म्हणाली. ‘दोन काड्यो आनी एक दोरो. बस्स.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकर देवीला चालते. यात शिवण नाही. आणि हे अंगात घातलं की दोन्ही हात मोकळे! मी आत्तीकडे पाहिलं, आत्तीनं माझ्याकडे. आत्ती दुसऱ्या खेपेला कातरीनबायच्या कोंबड्यांसाठी हे एवढं डालगं विणून घेऊन गेली आणि बदल्यात उसवलेल्या लोकरीचे गुंडे घेऊन आली. राखाडी, हिरवा, लाल, आणि एक पिवळा, हळदीत बुडवल्यासारखा. त्याच खेपेला कातरीनबायनं मला विणायला शिकवलं. दोऱ्याच्या एकेका फासाला ती ‘घर’ म्हणायची. घर काडीवर घ्यायचं, त्यातून दुसरं घर काढायचं, जुनं सोडायचं. ‘हात सैल सोड गे बाये,’ ती दर थोड्या वेळानं ओरडायची, ‘म्हस बांदिना तूं!’ तिनं स्वेटरचा नमुनाही सांगितला. आधी पुढचा पाला, म्हणजे पुढची बाजू, मग पाठीचा, मग दोन हात. आणि शेवटी चारी तुकडे सुईनं जोडायचे.

मी आणि आत्ती घरी यायच्या वाटेवर निम्म्या चढापर्यंत खुशीत होतो. निम्म्या चढावर आत्ती टोपली उतरवून मटकन खाली बसली. ‘भागे,’ म्हणाली, ‘शेवटाला सुई आलीच की गं.’

आलीच होती! आख्खा स्वेटर बिनसुईचा करायचा आणि शेवटी चार जागी शिवायचा, म्हणजे सगळं मुसळ केरात. मला रडूच फुटलं. आत्ती मात्र रडणारी बाई नव्हती. तिनं तपकीर ओढली, शिंकली आणि म्हणाली, ‘टोपलीला कुठं पुढचा पाला नि मागचा पाला असतोय? टोपली गोल विणत्यात. तू बी गोल विण.’ मला तेव्हा वाटलं की आत्तीसारखी शहाणी बाई या मुलखात दुसरी नाही. अजूनही वाटतं, पण पुढं काय झालं ते ऐका.

दोन काड्यांनी गोल विणता येत नाही, म्हणून आत्तीनं चिव्याच्या बारीक बांबूच्या पाच काड्या केल्या, दोन्हीकडून टोकदार, खरखरीत पानानं घासून गुळगुळीत केलेल्या. चार काड्यांवर घरं, पाचवीनं विणायचं. मापासाठी आप्पांना उभं केलं. आप्पांचा स्वभाव असा की बायकांनी उभं राहा म्हटलं की उभं राहायचे, कशाला ते विचारायचे नाहीत. आत्तीनं वितीनं पोट मोजलं, पाठ मोजली, आणि मी विणायला बसले. आत्ती शेजारी टोपली विणत, मी तिच्याशेजारी स्वेटर. ती सांगेल तसं मी करत होते. ‘आधी तळ धर,’ ती म्हणाली. मी तळ धरला. मधे आठ घरं, मग सोळा, मग वाढवत वाढवत गोल भाकरीएवढा, मग भाकरीहून मोठा. आप्पांच्या पोटाच्या मापाला आला तेव्हा चार विसा आणि बारा घरं झाली. मला विसाच्या वर मोजता यायचं नाही, म्हणून विसाविसाला एक चिंचोका मांडत होते. ‘आता भिंत चढव,’ आत्ती म्हणाली. मी भिंत चढवायला लागले. चार बोटं भिंत झाली.

आवशी नाचणी पाखडत होती. ती उठली, माझ्या हातातलं विणकाम पाहिलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं करून पाहिलं.

‘काय गं हे?’

‘आप्पांचा स्वेटर.’

‘व्हय? आणि तुझ्या आप्पाचे पाय कुठनं भायेर येणार?’

मी तळाकडे पाहिलं. तळ बंद होता. चांगला घट्ट, चारी बाजूंनी बंद, भाताचा दाणा गळणार नाही असा. मी आणि आत्ती, आम्ही दोघींनी मिळून तीन दिवस खपून आप्पांसाठी कणगी घातली होती! आत्तीच्या हाताला सवयच तशी. चाळीस वर्षं तिनं तळाशिवाय काही सुरू केलेलं नव्हतं. आवशी हसायला लागली ती सुपातली नाचणी सांडली तरी थांबेना. आप्पा दारात येऊन विचारायला लागले काय झालं म्हणून, तर तिला सांगता येईना. अठरा दिवसांच्या त्या तापानंतर मी तिला तशी हसताना पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून मला राग आला तरी मी तिला हसू दिलं.

उसवायची माझी तयारी नव्हती. तीन दिवसांचं काम! मी ते रागानं उचललं आणि डोक्यावर उलटं मारलं. आणि आत्ती ओरडली, ‘तसंच ऱ्हाऊ दे!’ डोक्यावर ते कांबळ्याच्या खोळीसारखं दिसत होतं. पावसात आपण कांबळ्याची खोळ डोक्यावर घेतो, तशी. तळ म्हणजे टोपी, आणि भिंत खाली उतरवत न्यायची. तिथून पुढं आमचा नमुना असा दर दोन दिवसांनी बदलत गेला. तोंडासाठी जागा पाहिजे, म्हणून आत्तीनं डालग्याला कोंबडीचं दार ठेवतात ती युक्ती सांगितली. गोल फिरायचं नाही, दाराच्या कडेपर्यंत जाऊन उलट यायचं, वीतभर झालं की पुन्हा गोल. तोंडाचं दार झालं. मग खाली दोन बाजूंना हातांची दोन दारं. मग दोन काड्या मोडल्या. नवीन केल्या त्या जाड झाल्या, मग बाकीच्याही जाड केल्या, त्यामुळं घरं मोठी पडायला लागली आणि स्वेटर कमरेकडे जाताजाता घंटेसारखा पसरला. आवशी म्हणाली, पसरू दे, खालनं धोतर सोडायला बरं. राखाडी लोकर खांद्यापर्यंत पुरली, तिच्या टोकाला गाठून हिरवी पोटापर्यंत, हिरवीला गाठून लाल कमरेला. डावा हात दाराच्या कडेचीच घरं उचलून पिवळ्या लोकरीचा झाला आणि मनगटाशी आला तेव्हा पिवळी संपली. उजव्या हाताला बोटभरसुद्धा लोकर उरली नाही. मी तोंड पाडून बसले. आप्पा म्हणाले, ‘पाणी उजव्या हातानं घालायचं असतंय. तो उघडाच पायजे.’ आमचे आप्पा फार चांगले होते. असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आणि हे नातसून लिहीत नसती तरी मी म्हटलं असतं.

पहिल्या दिवशी आप्पा तो घालून देवळाकडे गेले तेव्हा आमचीच कोंबडी ओरडत माळ्यावर चढली. डोकं भाताच्या गोणीएवढं, त्यात मधे आप्पांचं तोंड, एक हात पिवळा आणि एक उघडा, खाली लाल घोळ. पण तासाभरानं परत आले तेव्हा मी त्यांच्या पाठीला आतून हात लावून पाहिला. पाठ गरम होती. मला इतका आनंद झाला की मी सकाळची आंबील तशीच ठेवून रानात पळाले आणि एकटीच मोठ्यानं ओरडले. तीन दिवस आप्पांनी तसं जाऊन पूजा केली. तीन दिवसांत खोकला निम्म्यावर आला. चौथ्या दिवशी बुदवंताकडून निरोप आला, मांडावर या.

बुदवंत म्हणजे आमच्या गावचा मुख्य, आणि मांड म्हणजे गावानं बसायची मोकळी जागा, देवळाच्या पुढ्यात. सगळे पुरुष बसले होते आणि बायका झाडाखाली उभ्या. नागोकाका मधोमध. पोट हे एवढं, आवाज त्याहून मोठा. त्याचं म्हणणं साधं होतं. अंगाला बेतलेलं कापड शिवल्याशिवाय होत नाही. हात आहेत, टोपी आहे, म्हणजे शिवण आहे. शिवण आत लपवली आहे. देवीसमोर शिवलेलं घालून आप्पांनी विटाळ केला, आता पाळी मोडा, नाहीतर ते फेकून द्या.

‘तीस वर्सं मी उघडा कुडकुडलो,’ नागोकाका ओरडला, ‘माझ्या बापानं कुडकुडून काढली. ह्यालाच तेवढी देवी उबदार पायजे व्हय?’

खरं दुखणं हे होतं. पण ते बोलून गेल्यावर तो स्वतःच ओशाळला आणि म्हणून आणखी मोठ्यानं शिवण, शिवण करायला लागला. आप्पा स्वेटर घालून मधे उभे. पाचसहा जणांनी तो आतून चाचपला, वास घेतला, उजेडात पाहिला. कुणाला काही कळेना. कातरीनबायचं नाव काढायची सोय नव्हती, ते आणखी वेगळं प्रकरण झालं असतं. बुदवंत मान खाजवत म्हणाला, ‘शिवण दिसत न्हाई. पण न्हाई असं बी कसं म्हणावं?’ आणि त्यानं आप्पांकडे असं पाहिलं की मला कळलं, आता तो ‘काढून ठेव’ म्हणणार. मला पुढचं सगळं दिसलं. धुकं, ओलं धोतर, ताप, आवशीचा न चढणारा आवाज. माझ्यानं राहवलं नाही. बायकांच्या घोळक्यातून मी पुढं गेले आणि म्हणाले, ‘ह्यात शिवण न्हाई. आख्खा एकाच धाग्याचा गुंता हाय. शेवट धरून ओढला तर सगळा सुटून येईल. शिवलेलं असतं तर आलं असतं काय?’

बुदवंताच्या तोंडावर एकदम समाधान पसरलं.

‘हे बरं हाय,’ तो म्हणाला. ‘ओढून दाखवा.’

माझी जीभ कुणी तेव्हाच कापली असती तर बरं झालं असतं! शहाणपणा करायला गेले आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा स्वेटर फासावर चढवला. आवशीनं झाडाखालून मला जे डोळे दाखवले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्यात रीत अशी की ज्यानं हरकत घेतली त्यानंच आपल्या हातानं खरंखोटं करायचं. म्हणून धाग्याचं टोक मी शोधून नागोकाकाच्या हातात दिलं. कमरेच्या लाल काठाचं टोक. देताना मी म्हणाले, ‘काका, सावकाश.’ दुसरं काय म्हणणार?

नागोकाकानं झटका मारला. काठाची गाठ सुटली आणि धागा सुर्रकन आला. एक फेरी गेली. दुसरी गेली. तो ओढत ओढत मागं सरकायला लागला, मांड संपला तशी वळून दुसऱ्या बाजूला चालायला लागला, आणि लाल लोकर त्याच्या मागं गवतावर लोळायला लागली. लोकांना मजा वाटली. कुणीतरी मोजायला लागलं. आप्पा खांबासारखे उभे, पिवळा हात एका बाजूला धरून, आणि स्वेटर खालनं वर चढतोय. लाल संपलं. हिरवं लागलं. बेंबी उघडी पडली. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मी हसत नव्हते. एकेक फेरी म्हणजे माझा पाव तास होता, आणि नागोकाका एका दमात चार चार फेऱ्या नेत होता.

छातीच्या खालच्या फासळ्या उघड्या पडल्या तेव्हा वारा आला आणि आप्पांना खोकला सुटला. चांगला खोल, आतून खरवडत येणारा. धागा ताणलेला होता. एक टोक आप्पांच्या छातीला, दुसरं नागोकाकाच्या मुठीत. आप्पा खोकले की तो धागा हिसके द्यायचा. नागोकाकानं मुठीकडे पाहिलं. पुन्हा हिसका बसला. दोन वर्षांत तो आप्पांच्या इतका जवळ आला नव्हता, आणि आप्पांच्या फासळ्या त्यानं बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या, कारण मोजता येतील अशा होत्या.

‘ओढ की रे नागू,’ कुणीतरी ओरडलं.

‘बस् झालं,’ नागोकाका म्हणाला.

‘हात ऱ्हायला, टोपी ऱ्हायली...’

‘बस् झालं म्हटलं न्हवं!’ तो त्या माणसावर असा खेकसला की झाडावरचे बगळे उठले. ‘शिवण न्हाई. मी सांगतोय न्हवं, न्हाई म्हणून. माझी हरकत होती, माझी मी मोडली.’ बुदवंतानं लगेच नारळ फोडून टाकला, कारण त्यालाही जेवायला जायचं होतं. देवीला स्वेटर चालतो, असं ठरलं. फक्त स्वेटर आता छातीपर्यंतच उरला होता, खाली चार विसा बारा घरं उघडी लोंबत होती, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पूजा होती.

काढायला गेलं तर घरं सुटून वरचंही गेलं असतं. म्हणून मी आप्पांना म्हटलं, हलू नका, आणि आत्तीनं घरनं पळत आणलेल्या काड्यांवर त्यांच्या अंगावरच एकेक घर उचललं. तसंच त्यांना घरी चालवत आणलं. आत्ती पुढं रस्ता मोकळा करत, आप्पा दोन्ही हात वर धरून, आणि मागं नागोकाका लोकरीचा सगळा गुंता पोटाशी कवटाळून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अंगणात लाकडी गरगऱ्यावर, ज्यावर आत्ती मोठ्या कणग्या फिरवत विणायची, त्यावर आप्पांना उभं केलं. मी एका जागी बसून विणणार आणि गरगऱ्यावर आप्पा फिरणार, म्हणजे काम झपाट्यानं होईल अशी आत्तीची अक्कल. पण फिरवणार कोण? आत्ती गुंता सोडवत होती. आवशी नागोकाका आलाय म्हणून चुलीपाशी धडाधड भांडी आपटत होती. नागोकाका पुढं झाला आणि त्यानं आप्पांच्या कमरेला धरून त्यांना एका काडीएवढं फिरवलं. मग आणखी एक.

तो दिवस मला घडीघडीनं आठवतो. फेरीला एकदा आप्पांचं तोंड नागोकाकासमोर यायचं. पहिल्या फेरीला दोघांनी आकाशाकडे पाहिलं. दुसऱ्या फेरीला एकानं फणसाकडे पाहिलं आणि चूक लक्षात येऊन दुसरीकडे पाहिलं. असं किती वेळ चालणार? माणसाला पाहायला आकाश तरी किती असतं! आठव्या का नवव्या फेरीला आप्पा समोर आले तेव्हा नागोकाका खाली बघत म्हणाला, ‘औषध काय घेतोस?’

आप्पा पुढं सरकले होते, उत्तर द्यायला त्यांना आख्खी फेरी फिरून यावं लागलं. ‘सुंठ,’ ते म्हणाले.

पुढच्या फेरीला नागोकाका म्हणाला, ‘सुंठीनं काय व्हतंय? अडुळसा घे. माझ्या परड्यात हाय.’

त्याच्या पुढच्या फेरीला आप्पा म्हणाले, ‘देशील?’

नागोकाकानं त्यांना नुसतंच पुढं फिरवलं. हिरवी संपून लाल लागली होती. ऊन उतरत होतं. आवशीनं दोन वाट्या पेज आणून ठेवली, दोन्ही सारख्या भरलेल्या, हे मी पाहिलं. नागोकाकानं पेज पिऊन हात पुसले, आप्पांच्या पोटावर वीत ठेवली, मोजली, मग कुणी बघत नाही असं समजून स्वतःच्या पोटावर ठेवून मोजली. मोजता मोजता विती संपेनात. ‘पुढच्या वर्साला पाळी माझी,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘एवढ्याला लोकर मिळंल काय गं?’

‘मिळंल की,’ आप्पाच म्हणाले. ‘पण देवीला उजवा हात उघडा लागतोय, आणि हात असला की शिवण आली हा तुझाच हिशेब, म्हणजे डावा बी नको. तुझे दोन्ही उघडेच ठेवायला सांगतो.’

नागोकाकानं आधी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग त्याचं पोट हलायला लागलं. आप्पाही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना पुन्हा तो खोकला लागला, खोल, वाकवणारा. नागोकाकानं घाबरून दोन्ही हातांनी स्वेटरचा काठ धरला आणि आप्पांच्या उघड्या पोटावर खाली ओढला, काड्यांसकट. माझी अकरा घरं सुटली. त्यानं तो काठ खोकला थांबेपर्यंत तसाच घट्ट धरून ठेवला, आणि मी खाली बसून एकेक घर परत उचलत गेले.